लिनक्स बसत नाही: ते कुठे अडते, यावरून करायच्या तपासण्या

लक्षणे

लिनक्स ही विंडोजऐवजी किंवा तिच्याशेजारी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ‘लिनक्स बसत नाही’ या एकाच तक्रारीखाली अनेक निरनिराळे बिघाड येतात आणि त्यांच्या कारणांचा एकमेकांशी बहुधा काही संबंध नसतो. पहिल्या प्रकारात पेनड्राइव्ह लावलेला असूनही संगणक सरळ विंडोज उघडतो, किंवा बूटच्या (यंत्र कशावरून सुरू करायचे त्या) यादीत पेनड्राइव्ह दिसतच नाही. दुसऱ्यात सुरुवातीचा मेनू दिसतो, पण पुढे पडदा काळा होतो, किंवा प्रोसेसर चौसष्ट-बिट नसल्याचा संदेश येऊन सगळे थांबते. तिसऱ्यात इन्स्टॉलर (लिनक्स बसवणारा प्रोग्रॅम) व्यवस्थित उघडतो, मात्र ज्या डिस्कवर लिनक्स बसवायचे ती डिस्कच तो दाखवत नाही. चौथ्यात फाइली उतरवण्याचे काम मध्येच गोठते. पाचव्यात सारे पूर्ण झाल्याचे सांगितले जाते, पण संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोजच उघडते किंवा ग्रबचा, म्हणजे लिनक्स की विंडोज हे विचारून ते सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, काळा पडदा येतो. सहावा प्रकार आपल्याकडे विशेष आढळतो: लिनक्स उत्तम बसते, पण लॉगिनच्या वेळी आपणच ठरवलेला पासवर्ड चालत नाही.

तपासणी सुरू करण्यापूर्वी तीच कृती पुन्हा एकदा करावी आणि ती नेमकी कुठे थांबते याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन्ही वेळा ती एकाच जागी अडली, तर दोष बहुतेक करून आवृत्तीच्या निवडीत, उतरवलेल्या फाइलीत किंवा बायोसच्या (यंत्र सुरू होताच चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) एखाद्या सेटिंगमध्ये असतो, आणि तो स्क्रूड्रायव्हर न उचलता सुटतो. एकदा बारा टक्क्यांवर, एकदा सत्तर टक्क्यांवर आणि एकदा लॉगिननंतर असे अडण्याचे ठिकाण बदलत राहिले, तर रॅम, केबल, वीजपुरवठा किंवा उष्णता यांच्याकडे संशय वळवावा. खालील क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. पण ज्यांचे अडण्याचे ठिकाण बदलते आहे त्यांनी पेनड्राइव्ह बदलून पाहावा आणि मधल्या तपासण्या सोडून थेट यंत्र उघडण्याच्या भागाकडे यावे.

हे सर्व करण्याआधी डेटाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतलेली असली पाहिजे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या ऑफिसांतले आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले जुने संगणक लिनक्सकडे वळवण्याची विचारणा वाढली आहे. अशा यंत्रांवर हिशेबाचा डेटा, ड्रॉइंग आणि सीएनसीचे (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅम एकाच डिस्कवर असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. ‘विंडोजशेजारी बसवा’ हा पर्याय निवडला तरी डिस्कचे विभाजन बदलतेच, आणि त्या वेळी वीज गेली तर दोन्हीकडचे जाऊ शकते.

आवृत्ती: एक पैसाही न लागणारी तपासणी

बहुसंख्य वेळा अडचण इथेच सुटते, म्हणून या भागावर सर्वाधिक वेळ द्यावा. लिनक्स बसवणारे वितरणाचे, म्हणजे उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन अशा लिनक्सच्या तयार प्रकाराचे, नाव फार विचाराने निवडतात आणि आवृत्तीचा आकडा मात्र हाताशी येईल तो घेतात. मित्राकडे असलेला पेनड्राइव्ह किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेतली जुनी डीव्हीडी हेच अनेकांचे मूळ असते. प्रत्यक्षात उबंटू घ्यावे की मिंट यापेक्षा त्यांची कोणती आवृत्ती घ्यावी हा प्रश्न अधिक परिणाम करतो.

उबंटूच्या आकड्यात वर्ष आणि महिना असतो: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला दीर्घ मुदतीचा आधार मिळतो आणि तिला पाच वर्षे नेहमीची सुरक्षा अद्यतने येतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांना ती केवळ नऊ महिने मिळतात. ही मुदत संपली की काही काळाने त्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर भांडार जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवले जाते. मग बसवलेली यंत्रणा सुरू तर होते, पण त्यावर साधा प्रिंटरचा ड्रायव्हरही उतरत नाही, आणि दोष इंटरनेटच्या माथी मारला जातो. २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला, तरी तिचे पेनड्राइव्ह अजून हातोहात फिरत आहेत. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते. ज्याला नवीन गोष्टी हाताळायची हौस आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहे, परंतु ज्या ऑफिसात वर्षातून एकदाही कोणी यंत्रणेकडे पाहणार नाही तिथे ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर यंत्राचे वय आणि आवृत्तीचे वय यांचा मेळ पाहावा. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) कर्नलमध्येच, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच असतात. त्यामुळे कर्नल तयार झाल्यानंतर बाजारात आलेले वायफाय, टचपॅड किंवा ग्राफिक्स त्याला ओळखता येत नाही. डेबियन १२ मध्ये ६.१ हा कर्नल आहे आणि तो डिसेंबर २०२२ चा आहे. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे आणि तो नोव्हेंबर २०२४ चा. उबंटू २४.०४ मुळात ६.८ घेऊन आले, पण त्याच आवृत्तीच्या ऑगस्ट २०२५ मधल्या तिसऱ्या सुधारित प्रतीत (२४.०४.३) ६.१४ आहे. म्हणून नवा लॅपटॉप असेल तर ‘२४.०४’ एवढे पाहून थांबू नये. त्यापुढचा तिसरा आकडाही पाहावा आणि उपलब्ध असलेली शेवटची सुधारित प्रत घ्यावी. राजारामपुरीत कालपरवा घेतलेल्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वी तयार केलेला पेनड्राइव्ह लावला की काळा पडदा किंवा गायब वायफाय ही तक्रार जवळजवळ ठरलेली असते.

उलट बाजूने, फार जुन्या यंत्रावर नवी आवृत्ती मुळीच सुरू होत नाही. उबंटूने ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० पासून डेस्कटॉपची बत्तीस-बिट प्रत देणे बंद केले, आणि डेबियनमध्ये बत्तीस-बिट इन्स्टॉलर असलेली शेवटची आवृत्ती १२ ही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ मध्ये तो नाही. विंडोजच्या माहितीच्या पडद्यावर यंत्रणेचा प्रकार पाहताना ‘बत्तीस-बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ या शब्दांवर थांबू नये, कारण चौसष्ट-बिट प्रोसेसरवरही अनेक दुकानांनी बत्तीस-बिट विंडोज टाकून दिलेले असते. त्याच ओळीतला प्रोसेसरविषयीचा उल्लेख वाचावा. ‘एक्स६४ वर आधारित’ असे असेल तर चौसष्ट-बिट लिनक्स चालेल.

इथे एक गोष्ट बाजूला सांगणे भाग आहे. काही वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला सिरियल पोर्टमधून प्रोग्रॅम पाठवण्यासाठी एक जुनाट संगणक ठेवलेला असतो. तो मंद असला तरी त्याचे काम त्याला जमत असते. त्याला इंटरनेटपासून तोडावे आणि तसाच राहू द्यावा. लिनक्सवर सिरियल पोर्ट चालतो, मात्र पाठवणारे सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचेच असते, आणि मशीन उभे राहिले तर होणारा तोटा त्या संगणकाच्या किमतीहून मोठा असतो. हिशेबाचे विंडोजवरचे सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचे टोकन जिथे रोज लागते, तिथेही आधी हीच चौकशी करावी.

रॅमचा हिशोब सोपा आहे. चार जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्यावी, आठ जीबी असेल तर हवी ती घ्यावी. दोन जीबीवर मिंट बसते, पण ब्राउझरचे चार टॅब उघडल्यावर काय होते ते पाहूनच मालकाला शब्द द्यावा. दुकानातल्या, ऑफिसातल्या आणि घरातल्या सर्वसाधारण यंत्रासाठी मी उबंटू २४.०४ वर आधारलेले मिंट २२ सुचवतो. त्याला २०२९ पर्यंत आधार आहे.

उतरवलेली फाइल आणि पेनड्राइव्ह

आयएसओ फाइल, म्हणजे लिनक्स बसवण्यासाठी उतरवायची एकसंध फाइल, दोन-तीन जीबीहून मोठी असते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवताना ती अर्धवट राहण्याची किंवा खराब होण्याची शक्यता असते. अशा फाइलीतून बनवलेला पेनड्राइव्ह मेनूपर्यंत नेतो आणि पुढे नेमक्या त्याच जागी आदळतो, म्हणून तिची पडताळणी करणे आवश्यक आहे. वितरणाच्या अधिकृत संकेतस्थळावर फाइलीसोबत एसएचए-२५६ नावाची चौसष्ट अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजमध्ये सर्टयुटिल या अंगभूत आज्ञेने आपल्या फाइलीची खूण काढता येते. दोन्ही खुणा अक्षरन् अक्षर जुळल्या पाहिजेत. एक अक्षर वेगळे आले तरी फाइल पुन्हा उतरवावी. या कामाला पाच मिनिटे लागतात, आणि ती वाचवण्याच्या नादात लोक अख्खी संध्याकाळ घालवतात.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. ती रुफस, एचर किंवा व्हेंटॉय यांसारख्या साधनाने लिहावी लागते, कारण बूट होण्यासाठी लागणारी रचना तेव्हाच तयार होते. व्हेंटॉयने बनवलेला पेनड्राइव्ह एखाद्या यंत्रावर अडला तर रुफसने तोच पुन्हा लिहून पाहावा. रुफसमध्ये विभाजनाचा प्रकार विचारला जातो: साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांसाठी जीपीटी आणि यूईएफआय ही जोडी निवडावी, त्याआधीच्यांसाठी एमबीआर. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कच्या विभाजनाच्या नव्या आणि जुन्या पद्धती, तर यूईएफआय हा बायोसचा नवा प्रकार.

पेनड्राइव्हवर छापलेल्या क्षमतेवर विश्वास ठेवू नये. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या काहींच्या आत प्रत्यक्षात त्याच्या अंशभरही जागा नसते. ते लिहून झाल्याचे सांगतात आणि वाचताना मात्र चुकतात. म्हणून दुसऱ्या बनावटीचा पेनड्राइव्ह लावून पाहिल्याखेरीज पुढच्या तपासणीकडे जाऊ नये. डेस्कटॉप असेल तर तो पुढच्या बाजूच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावा. पुढची आतली वायर सैल असणे ही कॅबिनेटमधली नेहमीची बाब आहे.

बायोसला हात लावण्यापूर्वी

नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) मालकाच्या नकळत चालू असू शकते. बायोसमधले सेटिंग बदलल्यावर विंडोज अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती नसेल तर डेटा कायमचा हातचा जातो. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का हे आधी पाहावे आणि कागदावर उतरवून घ्यावी. की सापडत नसेल तर इथेच थांबावे.

विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केल्यावर फास्ट स्टार्टअपमुळे ते पूर्ण बंद होत नाही. काही स्थिती डिस्कवर जपून ठेवते. त्यामुळे पेनड्राइव्हकडे जाण्याची संधी चुकते आणि विंडोजचे विभाजनही अर्धवट उघडे राहते. शिफ्ट दाबून धरून बंद करावे, किंवा ती सोय कायमची काढून टाकावी. मग यंत्र सुरू होताच बूट मेनूची कळ दाबावी: डेल, लेनोव्हो आणि एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकदा नावापुढे यूईएफआय लिहून आणि एकदा त्याशिवाय. विंडोज ज्या पद्धतीने बसलेले आहे तीच निवडावी. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत ती लिहिलेली असते. दोन यंत्रणा दोन पद्धतींनी बसल्या की ग्रबला विंडोज सुरू करता येत नाही, आणि पाचव्या प्रकारच्या तक्रारीचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

सिक्युअर बूट, म्हणजे मान्यताप्राप्त सही असलेलीच यंत्रणा सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय, सरसकट बंद करण्याचा सल्ला जुना झाला आहे. उबंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा त्याच्यासह सुरू होतात. पेनड्राइव्ह स्पष्ट शब्दांत नाकारला गेला तरच ते तात्पुरते बंद करून पाहावे.

बायोसमधली तारीख मात्र जरूर पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला आहे. याचे दोन परिणाम होतात: बदललेली सेटिंग दर वेळी पुसली जातात, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरून अद्यतने उतरत नाहीत. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

काळा पडदा, न दिसणारी डिस्क, न चालणारा पासवर्ड

मेनूनंतर पडदा काळा होत असेल, तर मिंटमध्ये ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ आणि उबंटूत ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय मेनूतच असतो. तो यंत्राला ग्राफिक्स कार्डाची खास सोय न वापरता साध्या पद्धतीने चित्र दाखवायला सांगतो. एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या यंत्रांवर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर घालावा.

इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल आणि बायोसला मात्र दिसत असेल, तर इंटेलच्या यंत्रांवर स्टोरेजची सेटिंग आरएसटी, रेड किंवा व्हीएमडी अशी असण्याचा संभव आहे. ती बदलून एएचसीआय (डिस्कशी बोलण्याची साधी, सर्वमान्य पद्धत) करावी लागते. मात्र विंडोज ठेवायचे असेल तर ही अदलाबदल थेट करू नये, कारण विंडोज निळा पडदा दाखवून सुरू होण्यास नकार देते. प्रथम विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्यास सांगावे, मग बायोसमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज उघडू द्यावे आणि त्यानंतर सेफ मोड काढावा. बायोसलाही डिस्क दिसत नसेल, तर प्रश्न लिनक्सचा नाही.

सारे पूर्ण होऊनही विंडोजच उघडत असेल, तर बायोसच्या बूट क्रमात विंडोज बूट मॅनेजरच्या वर लिनक्सची नोंद आणावी. ती नोंदच नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून त्यातले बूट रिपेअर हे साधन एकदा चालवावे. एकदाच म्हणतो आहे: त्याने काम झाले नाही तर ते पुन्हा पुन्हा चालवून हाती काही लागत नाही, बूटची पद्धत वेगळी पडली आहे असे समजावे.

पासवर्डच्या तक्रारीचे मूळ कीबोर्डच्या निवडीत असते. बसवताना मराठी कीबोर्ड निवडला की पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसतात, पण त्यामागे देवनागरी अक्षरे जातात, आणि लॉगिनच्या पडद्यावर दुसराच कीबोर्ड चालू असतो. भाषा मराठी ठेवावी, कीबोर्ड बसवताना इंग्रजीच ठेवावा, आणि मराठी इन्स्क्रिप्ट नंतर सेटिंगमधून जोडून घ्यावा.

यंत्र उघडून करायच्या तपासण्या

यापुढचे काम वीज पूर्ण तोडून, वायर काढून करावे. रॅमची तपासणी मेमटेस्ट या साधनाने होते. अनेक वितरणांच्या मेनूत ते असते आणि नसेल तर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेता येते. ते रात्रभर चालू द्यावे आणि एक जरी चूक दाखवली तरी रॅमची पट्टी दोषी धरावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जूनपासून चार महिने हवेत जो ओलावा राहतो त्याने पट्टीच्या सोनेरी कडांवर थर जमतो. मऊ खोडरबराने त्या पुसून पट्टी घट्ट बसवल्यावर कित्येक यंत्रे काही खर्च न होता ठीक होतात.

डिस्कची प्रकृती लाइव्ह सत्रातल्या (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवलेल्या लिनक्समधल्या) ‘डिस्क्स’ या साधनात स्मार्ट या नावाखाली दिसते. खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांची) संख्या शून्याहून अधिक असेल आणि रोज वाढत असेल, तर त्या डिस्कवर काहीही बसवू नये. डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलून पाहणे त्याआधीचे आणि स्वस्त काम आहे.

उद्यमनगर आणि शिरोलीकडच्या यंत्रांत एक वेगळा धोका असतो. फाउंड्रीतल्या आणि ग्राइंडिंगच्या धुळीत लोखंडाचे कण असतात, आणि ते विद्युतवाहक असतात. अशी धूळ ब्लोअरने जोरात उडवली की ती मदरबोर्डवर आणि पॉवर सप्लायच्या आत जाऊन बसते. मऊ ब्रशने हळूहळू काढावी आणि कॅबिनेट उभे न ठेवता आडवे करून उलट्या दिशेने झटकावी. पंखा जॅम असेल तर प्रोसेसर तापून यंत्र मध्येच बंद पडते, आणि ते दर वेळी वेगळ्या टक्क्यावर घडते.

वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर डेस्कटॉपवर लिनक्स बसवायला घेऊ नये, घेतलेच तर यूपीएसवर घ्यावे. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा.

इथे थांबावे

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यंत्र लगेच बंद करावे आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. दर वेळी सुरू करताना आतली पृष्ठे अधिक खरवडली जातात. त्यातला डेटा हवा असेल तर ती केवळ डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी. लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, जळका वास येत असेल, किंवा पॉवर सप्लायचा डबा उघडण्याची वेळ आली असेल, तर ते काम घरी करायचे नाही. सप्लायच्या आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही धक्का देऊ शकतात. बायोसला पासवर्ड असून तो कोणालाच माहीत नसेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे खरेदीची पावती घेऊन जावे.

पंचगंगेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेली आणि नंतर वाळवून सुरू केलेली यंत्रे अजूनही कुठे कुठे वापरात आहेत. त्यांच्या मदरबोर्डवर गाळाचे क्षार राहिलेले असतात आणि बिघाड दर आठवड्याला नवे रूप घेतो. अशा यंत्रावर लिनक्स बसवण्यात वेळ घालवू नये. डिस्क काढून डेटा वाचतो का एवढे जाणकाराकडून पाहून घ्यावे.

दुरुस्तीला नेताना यंत्राबरोबर वापरलेला पेनड्राइव्ह, आवृत्तीचा पूर्ण आकडा, अडलेल्या जागेचे फोटो आणि बायोसमध्ये काय काय बदलले याची यादी द्यावी. ‘डिस्क पुसली तरी चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ हे कागदावर लिहून द्यावे, कारण काउंटरवर तोंडी सांगितलेले आतल्या टेबलापर्यंत पोहोचतेच असे नाही.